सांबार किती वेळा?

महाराष्ट्रात कारंजा नावाची दोन मोठी गावे आहेत. एक वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड) आणि दुसरे वर्धा जिल्ह्यातले कारंजा (घाडगे). कंसातला शब्द विसरला की टपाल भलत्याच जिल्ह्यात जाते. नागपूर-अमरावती महामार्गावरच्या या दुसऱ्या कारंज्यात मी नोकरीनिमित्त आले, तेव्हा कंसाची ही गंमत पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मला ऐकवली होती. मी हसले आणि विसरून गेले. एकच शब्द दोन प्रांतांत दोन निरनिराळ्या वस्तूंना चिकटलेला असतो, हे पुढे एका गर्भवतीच्या रक्ताच्या अहवालाने मला शिकवले.

ही हकिकत सुमारे अठरा वर्षांपूर्वीची आहे. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, शिक्षण आहारशास्त्राचे. एका संस्थेच्या माता-आरोग्य प्रकल्पात तालुक्यातील गर्भवती स्त्रियांच्या आहाराची नोंद करण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यासाठी एक छापील प्रश्नावली मिळाली होती. दूरच्या मोठ्या शहरात तयार झालेली, चार पानांची, नीटनेटकी. डाव्या बाजूला पदार्थांची नावे. पुढे ‘रोज’, ‘आठवड्यातून किती वेळा’, ‘महिन्यातून किती वेळा’, ‘कधीच नाही’ असे रकाने. शेवटी ‘एका वेळी किती वाट्या’. मी प्रश्न वाचायचा, समोरच्या बाईने उत्तर द्यायचे, मी खूण करायची. दिवसाकाठी सात-आठ अर्ज भरून होत. गणित संगणक करी आणि पंधरवड्याने प्रत्येकीच्या नावापुढे प्रथिने, लोह, कॅल्शियम यांचे आकडे छापून येत.

बोरच्या जंगलाच्या बाजूला असलेल्या एका गावातली ती धाकटी सून तेव्हा पाचव्या महिन्यात होती. हिमोग्लोबिन ९.४. तिचा अर्ज भरला, आकडे आले, आणि ते पाहून मला समाधान वाटले. डाळीचा पदार्थ रोज, पालेभाजी आठवड्यातून तीन-चार वेळा, घरी दुभती गाय. ‘तुझा आहार चांगला आहे, असाच चालू ठेव,’ असे मी तिला सांगितले. ते माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. सातव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ७.३ वर आले. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला विचारले, “ही खाते तरी काय?” मी अर्ज पुढे केला. त्यांनी कागद पाहिला, मुलीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि कागद परत माझ्या हातात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. दुपारची वेळ होती, सासूबाईंनी जेवायला बसवले. ज्वारीची भाकरी, आलूची भाजी, वरण-भात. मी पहिला घास घेणार तोच सासूबाई सुनेला म्हणाल्या, “अवं, मॅडमच्या वरणावर सांबार टाक न थोडा.” सून आत गेली आणि चिमूटभर चिरलेली कोथिंबीर घेऊन आली.

घास माझ्या हातातच राहिला. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी तीन महिने त्या तालुक्यात राहत होते, दर आठवडी बाजारात कोथिंबीर मागत होते आणि भाजीवाली समजूतदारपणे ती देत होती. तिने मला कधी दुरुस्त केले नाही. प्रश्नावलीत मात्र डाळींच्या गटात ‘सांबार’ छापलेले होते, इडलीबरोबरचे, एका वाटीचे. ‘सांबार किती वेळा?’ असे मी विचारी आणि गावोगावच्या बाया खरे तेच उत्तर देत, ‘रोज’. संगणक त्या चिमूटभर पानांची वाटीभर डाळ करून टाकत होता. तेवढ्यावरही थांबले नव्हते. पालेभाज्यांच्या यादीत ‘अळू’ होते. मी ‘अळू’ म्हणे, समोरच्या बाईला ‘आलू’ ऐकू येई. बटाटा आठवड्यातून तीन वेळा कुणाच्या घरी होत नाही? अळूच्या पानांना तिथे धोपा म्हणतात आणि धोपा हा शब्द आमच्या चार पानांत कुठेच नव्हता.

त्या रात्री मी भरलेल्या अर्जांचा गठ्ठा घेऊन बसले. एकही बाई खोटे बोललेली नव्हती.

आहाराची नोंद घेण्याचे शास्त्र दिसते तितके सोपे नाही. माणूस काल काय जेवला हे विचारता येते. त्याला चोवीस तासांचे स्मरण म्हणतात. पण एक दिवस म्हणजे सवय नव्हे. काल घरी पाहुणे असतील, काल एकादशी असेल. प्रत्येक घास तोलून लिहावा तर ते अचूक असते, मात्र तराजू समोर असला की माणूस वेगळेच जेवतो, आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईला एवढी सवड नसते. म्हणून ‘हा पदार्थ तुम्ही साधारण किती वेळा खाता?’ असे विचारणारी यादी तयार झाली. अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रसिद्ध दीर्घ अभ्यासात हार्वर्डचे वॉल्टर विलेट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली ६१ पदार्थांची अशी यादी वापरली. पण यादी केली आणि काम संपले असे त्यांनी मानले नाही. त्यांनी तिची परीक्षा घेतली. १७३ परिचारिकांनी वर्षभरात चार वेळा, दर खेपेस आठवडाभर, आपले अन्न तोलून लिहिले आणि ते यादीतल्या उत्तरांशी ताडून पाहिले गेले. १९८५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आमच्या हातात आलेली प्रश्नावलीही कुठेतरी अशी तपासलेली असेल. कारंज्यात तिची परीक्षा कुणी घेतली नव्हती.

परीक्षा म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगते, कारण वर्तमानपत्रात ‘अमुक खाल्ल्याने तमुक रोग टळतो’ अशी बातमी येते तेव्हा तिच्यामागे बहुधा अशीच एखादी यादी असते. शंभर माणसांना प्रश्नावलीने विचारले तर त्यांतली कोण पालेभाजी जास्त खाते आणि कोण कमी, असा एक क्रम लागतो. त्याच शंभर जणांचे जेवण निरनिराळ्या ऋतूंत, आगाऊ न कळवता, तोलून किंवा विचारून पाहिले तर दुसरा क्रम लागतो. दोन्ही क्रम किती जुळतात ते शून्य ते एक या आकड्यांत मांडतात. एक म्हणजे तंतोतंत मेळ. चांगल्या म्हणून गाजलेल्या प्रश्नावल्याही बहुधा ०.४ ते ०.७ च्या घरात असतात. म्हणजे अमक्या बाईच्या पोटात नेमके इतके मिलिग्रॅम लोह गेले, असे या यादीने ठामपणे सांगूच नये. मी तर एकेका बाईला तसे सांगत सुटले होते.

ऋतूचाही फास असतो. हृदयरोग आणि आहार यांच्या अभ्यासात भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाचे नाव आदराने घेतले जाते. अॅन्सेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात १९६० च्या सुमारास तिथल्या पुरुषांच्या आहाराची पाहणी झाली. त्यांतील एक फेरी ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत आली होती. श्रद्धाळू माणसे त्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. हा फरक हिशेबात धरला नाही, अशी टीका पुढे अभ्यासकांनी केली. मी ती वाचली तेव्हा माझ्यासमोर आमचे श्रावणातले अर्ज आले. श्रावणात सोमवार, शनिवार, नागपंचमी. एकीच्या घरी भगर, दुसरीकडे साबुदाणा. अंडी आणि मटण तर महिनाभर बंद. तो महिना आम्ही संपूर्ण वर्षाला लावून मोकळे झालो होतो.

मी वरिष्ठांना लिहिले. उत्तर आले की प्रश्नावली बदलता येणार नाही, मात्र ‘स्थानिक टिपण’ जोडायला हरकत नाही. या टिपणाच्या आडोशाने आम्ही, म्हणजे मी, दोन अंगणवाडीताई आणि एक आशाताई, आमची यादी पुन्हा करायला बसलो. ही काही शोधनिबंधाची गोष्ट नव्हे. चुकलेला हिशेब दुरुस्त करण्याची धडपड होती.

सुरुवात शब्दांपासून झाली. मी पदार्थ दाखवायचा आणि त्यांनी नाव सांगायचे, असे ठरवले. शेंगदाणे दाखवले तर ‘फल्लीदाणे’. लाल भोपळा दाखवला तर ‘कोहळं’. माझ्या माहेरी कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा. ‘बेसन’ म्हटले की आमच्या यादीत ते पीठ होते, इथे ते शिजवलेले पिठले. तुरीच्या हिरव्या दाण्यांना ‘सोले’. आणि यादीत मुळीच नसलेल्या किती भाज्या निघाल्या! अंबाडी, तरोटा, चिवळ, घोळ, धोपा. जवसाची चटणी तर आमच्या शहरी यादीच्या स्वप्नातही नव्हती, आणि इथे ती भाकरीबरोबर वर्षभर होती. एक आजी म्हणाल्या, “तरोटा बी कागदावर लिवता काय बाप्पा? तो त बांधावर उगवते.” विकत न घेतलेले अन्न सांगण्यासारखे असते, असे त्यांना वाटतच नव्हते. याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३५ साली गांधीजी हिरव्या पाल्याचे प्रयोग आपल्या ताटात करीत होते आणि त्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहीत होते. त्या पाल्याची आठवण आमच्या छापील कागदाला राहिली नव्हती.

मग मापे. ‘एक वाटी’ हे माप शास्त्रीय वाटते, परंतु प्रत्येक घरात वाटी वेगळी. आम्ही ज्या त्या घरची वाटी पाण्याने भरून मोजनळीत ओतली. वरणाचे प्रकरण आणखी नाजूक. वरणाचा गंज चुलीवरून उतरतो, पळी आधी पुरुषांच्या ताटात जाते, मग मुलांच्या, मग सासूच्या. तळाचा घट्ट भाग तोवर संपलेला असतो. सून शेवटी जेवते, तिच्या वाटीत येते ते पिवळे पाणी. तिच्या अर्जात आणि तिच्या नवऱ्याच्या अर्जात मात्र ‘वरण, एक वाटी’ सारखेच लिहिले जाते. आम्ही दोन्ही वाट्या तोलल्या, निथळल्या, डाळ पाहिली. तो फरक पाहून आशाताई म्हणाल्या, “हे मले माहीत होतं मॅडम. लग्न झाल्यापासून माहीत होतं. पण हे कोणी विचारत नाही.” या टिपणात आम्ही एक नवा प्रश्न घातला : ‘घरात तुम्ही कितव्या क्रमाने जेवता?’ संगणकाला त्याचे काय करायचे ते ठाऊक नव्हते.

तेलाचा हिशेब बायकांना चमच्यांत सांगता येत नाही, आणि का यावा? महिन्याला पिंप किंवा पिशव्या किती लागतात आणि जेवणारी तोंडे किती, हे त्या चटकन सांगतात. तेलाचा असा घरगुती हिशेब क्षुल्लक समजू नये. मॉरिशस बेटावर, जिथे मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, १९८७ च्या आरोग्य पाहणीनंतर शासनाने रेशनच्या तेलात पामतेलाच्या जागी सोयाबीनचे तेल आणले आणि १९९२ च्या पाहणीत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल लक्षणीय उतरलेले दिसले. लोकांच्या कढईत नेमके काय पडते हे माहीत होते, म्हणून ते करता आले.

वर्ष आम्ही इंग्रजी महिन्यांनी विचारणे सोडले. पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी, या खुणांनी विचारले की उत्तरे भराभर येत. ‘फळे आठवड्यातून किती वेळा?’ हा प्रश्न तर संत्र्याच्या पट्ट्यात विनोदीच ठरतो. आंबिया बहाराची संत्री दिवाळीनंतर निघू लागतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्या दिवसांत बागेत काम करणाऱ्या बाया पडलेली, डागी संत्री रोज दोन-चार खातात. उरलेल्या महिन्यांत एकही नाही. चांगला माल बाग ठोक्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या ट्रकमधून जातो. सरासरी काढली तर ‘आठवड्यातून दोन-तीन फळे’ असे येते आणि असा एकही आठवडा कुणाच्या आयुष्यात नसतो.

दुधाचेही तसेच. हा गवळाऊ गाईंचा मुलूख. नंद-गवळी समाजाने जोपासलेली ही पांढरी, चपळ जात, तिच्या पैदाशीचे शासकीय क्षेत्र तालुक्यातच हेटीकुंडीला आहे. ‘घरी दूध आहे का?’ याला उत्तर ‘हो’. ते दूध पहाटेच डेअरीला जाते किंवा खव्याच्या कढईत आटते, आणि घरात चहापुरते उरते. धाकट्या सुनेच्या अर्जात मी ‘घरी दुभती गाय’ असे ठळक लिहिले होते.

या सगळ्याचे महत्त्व मला पुण्याजवळच्या कामावरून अधिक पटले. तिथल्या सहा गावांत १९९० च्या दशकात गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास झाला होता आणि २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. एकूण उष्मांक आणि प्रथिने यांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले जाते, याचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या वाढीशी अधिक संबंध तिथे दिसला. म्हणजे ज्या तीन गोष्टींत आमची प्रश्नावली साफ चुकत होती, नेमक्या त्याच तीन गोष्टी मोलाच्या होत्या.

यादी दुरुस्त झाल्यावर आम्ही ती पारखायचे ठरवले. ज्या घरांनी आपणहून होकार दिला, तिथे वेगवेगळ्या ऋतूंत स्वयंपाकाच्या वेळी जाऊन बसलो. भाकरीच्या पिठाचा गोळा थापण्याआधी तोलायचा, भाजी गंजात किती आणि ताटात किती ते लिहायचे, उरलेले पुन्हा तोलायचे. पहिल्या दिवशी हमखास पाहुणचार होई; सुनेच्या ताटातही घट्ट वरण पडे. तो दिवस आम्ही हिशेबातून वगळत असू. तिसऱ्या-चौथ्या खेपेस कुणाचे आमच्याकडे लक्ष राहत नसे, आणि तेव्हाचे लिहिलेले खरे. तरी नव्या यादीनेही चुका केल्याच. पालेभाजी बाया अजूनही प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगत होत्या, कारण ‘मॅडमला आवडते’ हे त्यांनी ओळखले होते. माझा चेहराच उत्तर पढवत होता. मग प्रश्न मी विचारणे बंद केले आणि ते काम आशाताईंकडे दिले. तेही सासूसमोर नाही, तर विहिरीवर किंवा कापूस वेचताना.

तोलण्याच्या त्या दिवसांत एक गोष्ट अशी दिसली की जी कोणत्याच यादीत नव्हती. जेवण झाले की लगेच गुळाचा काळा चहा. भाजी-भाकरीतले लोह शरीरात आधीच कमी शोषले जाते. चहातील टॅनिनमुळे ते आणखी कमी होते. उलट ‘क’ जीवनसत्त्व त्याला मदत करते. संत्री जेवणाबरोबर खाल्ली तर उपयोगी, आणि ती तर दुपारी चार वाजता बागेत खाल्ली जात होती. ‘काय खाता’ याच्या जोडीला ‘कशाबरोबर आणि कधी’ हेही आम्ही लिहू लागलो. आपल्या घरीही चहा आणि जेवण यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवून पाहण्यास पैसे पडत नाहीत. एक इशारा मात्र देते : गर्भारपणातील पांडुरोग केवळ ताटातून भरून निघेल अशा भरवशावर कुणी राहू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस घ्यायला सांगतात ती याचसाठी. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याची भीती नसावी. आमच्या त्या मुलीने त्याच भीतीने गोळ्या सोडल्या होत्या. तेही मला अर्जातून कळले नव्हते, कारण अर्जात ‘गोळ्या मिळाल्या का?’ असे होते आणि त्या मिळाल्या होत्या.

तिला दवाखान्यात सलाइनमधून लोह द्यावे लागले. बाळंतपण नीट झाले, मुलगी झाली, वजन बेताचे. मी बाराव्या दिवशी भेटायला गेले आणि तिच्याजवळ बसून स्पष्ट सांगितले की माझ्या कागदाने चूक केली होती आणि ती मी वाचून दाखवली होती. ती ओशाळून हसली. चुकीबद्दल मोठ्यांनी लहानांशी बोलण्याची तिला सवय नसावी.

पुढच्या पोळ्याच्या सुमारास आशाताई आणि मी नवी यादी घेऊन त्याच घरी गेलो. आशाताई सुनेला घेऊन गोठ्याकडे गेल्या. मी ओसरीवर सासूबाईंजवळ बसले. अंबाडी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “तिले वर्षभरात चार खेपा विचारलं तुमी. माह्यं बी हिमोग्लोबिन तपासलं होतं शिबिरात. आठच भरलं.” आणि जरा थांबून, “मी बी सासू असेतो मागूनच जेवलो. आता सवयच झाली.”

मी पिशवीतून दुसरा कोरा अर्ज काढला आणि नावाच्या रकान्यापासून सुरुवात केली.